ती हळद नव्हती

“त्या बाईले उंबरा ओलांडू देऊ नका! घरात मातामाय बसली हाये अन् हे सुई घेऊन आली!”

माझी सासू दारात आडवी उभी राहून ओरडत होती. दोन्ही हातांनी चौकट धरलेली, डोक्यावरचा पदर घसरलेला, आणि चौकटीला खोचलेले निंबाचे डहाळे तिच्या आवाजानंच हलतायत की काय असं वाटत होतं. ओट्याखाली पांढऱ्या सुती लुगड्यातली एक पन्नाशीची बाई उभी होती. खांद्याला पिशवी, हातात बर्फाचा डबा, चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली. गावोगाव फिरून देवीची लस टोचायचं तिचं काम, म्हणून आमच्या बीबी गावात सगळे तिला देवीवाली बाई म्हणत. आत बाजेवर अंथरलेल्या निंबाच्या पाल्यावर माझा मेव्हणा नामदेव पडला होता, माझ्या बायकोचा पाठचा भाऊ. अंग तव्यासारखं तापलेलं, कातडी लाल होऊन पापुद्र्यांनी सुटत चाललेली, डोळे पिवळेधमक. आणि त्याच्या उशाशी, कपाळभर कुंकू माखून, गळ्यात कवड्यांची माळ घालून, हातात हळदीची वाटी घेऊन जो बसला होता, तो मी.

हा अनुभव सांगायला मी इतकी वर्षं टाळाटाळ केली. मला ओळखणारे लोक हे वाचतील तेव्हा सवयीप्रमाणे बारा आणे वजा करतील. त्यांचा दोष नाही. बीबीच्या बाजारात ओट्यावर बसून मी सांगत असे की लोणारच्या तळ्यात मी बैलगाडीसकट उतरलो आणि पलीकडच्या काठाला धोतराचा सोगाही न भिजता निघालो. लोक हसायचे, चहा पाजायचे, आणि आणखी एक सांग म्हणायचे. गप्पा मारणाऱ्याला एवढंच पाहिजे असतं. पण इथं मी वजाबाकी स्वतःच करून लिहितो आहे. उरलं ते सगळं घडलेलं आहे, आणि त्यातलं बरंचसं मला खाली मान घालायला लावणारं आहे.

महाराष्ट्र होऊन फार वर्षं झाली नव्हती. मी खामगावला एका निकेलच्या कारखान्यात लागलो होतो. स्टोव्हचे पितळी भाग घासून चकचकीत करायचे आणि त्यांवर निकेल चढवायचं, असं तिथलं काम. घासताना पितळाला मेण लागतं, आणि मेणावर निकेल बसत नाही. म्हणून ते भाग जाळीच्या टोपलीत भरून एका खोल टाकीत सोडायचे. टाकीच्या तळाशी एक औषध उकळत असे. त्याचं साहेबी नाव गाडीच्या डब्यांसारखं लांब होतं. आम्ही नुसतं टराय म्हणायचो. त्याची वाफ टाकीबाहेर उडून जायची नाही, अर्ध्या टाकीत पाण्यासारखी डुलत राहायची. टोपली त्या वाफेत सोडली की पितळाला घाम फुटल्यासारखं व्हायचं आणि मेण गळून जायचं. टोपली काठाशी धरून पूर्ण सुकू द्यायची असा नियम होता, पण मागचा माणूस दुसरी टोपली घेऊन उभाच असायचा, मग ओलीच उपसायची आणि हातांनी ओतायची. सुटी झाली की त्याच टरायनं आम्ही कोपरापर्यंत हात धुवायचो. साबणाला न जाणारा चिकटा एका दमात जायचा.

त्याला वास गोड होता. टाकीवर जरा वाकून दोन मोठे श्वास घेतले की डोकं हलकं व्हायचं. मी त्याला फुकटची दारू म्हणायचो, आणि जेवणाच्या सुटीत टाकीवर वाकून सोबत्यांना सांगायचो, “मले इथून पंढरी दिसते, तुमाले दिसत नसन तं तुमचं पुण्य कमी.” ते हसायचे. मी आणखी वाकायचो.

महिना भरला नसेल. एका सकाळी चेहरा सुजून भोपळा झाला. ताप चढला, अंगावर लाल पुरळ उठलं, एकमेकांत मिसळलं, आणि मग कातडी सुटायला लागली. तळहाताची तर मोज्यासारखी निघाली. माझ्या कातडीचे दोन जोडे शिवून झाले असते, असं मी पुढं सांगत असे. एवढी नव्हती, पण सकाळी पांघरूण झटकलं की जमिनीवर कोंड्यासारखा थर पडायचा, हे खरं. मग डोळे पिवळे झाले, नखं पिवळी झाली, लघवी तेलासारखी होऊ लागली. उजव्या बरगडीखाली कोणी दगड ठेवल्यासारखं वाटायचं.

माझी बायको गोदा घाबरली, तिनं आईला निरोप धाडला. सासू आली, तिनं मला पाहिलं, आणि तिथल्या तिथं हात जोडले. म्हणाली, “देवी आल्या. अन् साध्या नाही आल्या, मायनं यायले हळद लावली.”

ही समजूत आमच्याकडच्यांनाच होऊ शकते. अंगावर पुरळ आणि ताप म्हणजे देवी, म्हणजे साक्षात माय घरी पाहुणी आली. तिला दवाखाना दाखवायचा नाही, घरात फोडणी द्यायची नाही, निंबाच्या पाल्यावर निजायचं आणि ती जाईल तेव्हा नहाण घालून तिची पाठवणी करायची. त्यात माझं अंग पिवळं. कावीळ कोणी पाहिलेली नव्हती असं नाही, पण पुरळाच्या जोडीनं आलेला पिवळा रंग सासूच्या डोळ्यांना हळदच दिसला. आजूबाजूच्या बाया येऊन माझ्या पायांवर डोकं ठेवून गेल्या. मी अर्धमेला होतो, तरी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली: जन्मात पहिल्यांदा लोक मी तोंड न उघडता माझ्याकडे पाहत होते.

दोन महिन्यांनी मी उठलो. नवी कातडी आली. पुन्हा कामावर गेलो. पहिलीच टोपली टाकीत सोडली, ती वर यायच्या आत माझा चेहरा पेटला, डोळे मिटले, हात लाल झाले. मुकादम धावत आला. त्यानं मला ओढून उघड्यावर नेऊन बसवलं आणि म्हणाला, “बावा, तुह्या अंगाले हे टराय सोसत नाही. एखाद्याले सोसत नाही. जीव प्यारा असन तं या टाकीपाशी पुन्हा येऊ नको.”

हे त्यानं मला स्पष्ट सांगितलं. मी शुद्धीवर होतो. ऐकू येत होतं. आठ दिवसांनी सूज उतरली आणि मला कळून चुकलं की पहिल्या वेळीही माय वगैरे आली नव्हती; ते टाकीतलं पाणी होतं. आणि त्याच दिवशी मी घरी काय सांगितलं? सांगितलं की मायनं स्वप्नात येऊन कान धरला, म्हणाली, मी तुझी जुनी कातडी काढून नवी दिली ती काय निकेल लावायला? माझी सेवा कर.

का सांगितलं? काम तर गेलंच होतं. पाण्यानं आजारी पडलेला माणूस म्हणजे नुसता आजारी माणूस. त्याच्या पायावर कोण डोकं ठेवणार?

आम्ही बीबीला सासरवाडीला येऊन राहिलो. घरजावयाला गावात जी कवडीची किंमत असते ती मला नव्हती, कारण मी मायचा माणूस होतो. सासूनं पुढची खोली दिली. मंगळवारी, शुक्रवारी मी माळ घालून घुमायचो. डोळे फिरवायचे, मान हलवायची, मधूनच एखादा हुंकार. दुसरबीडहूनसुद्धा लोक येत. कोणाची म्हैस आटली, कोणाची सून नांदत नाही. मी हळदीचं बोट लावायचो. कित्येकांचं बरंही झालं, त्यांच्या श्रद्धेनं झालं असेल. माझ्या बोटाचा त्यात काही वाटा नव्हता, हे माझ्याइतकं कोणाला माहीत होतं?

आता जे लिहायचं आहे तिथं माझा हात अडतो. खामगावची माझी जागा रिकामी होती. नामदेवनं ठरवलं की आपण जावं. भला माणूस, बोलायला कमी, कामाला वाघ. निघायच्या दिवशी सगळे ओट्यावर बसले होते, त्याची भाकरी बांधून झाली होती. तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, “भाऊजी, एक इचारू? तुमाले जे झालं, ते त्या पान्यानं तं नसन ना?”

सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. हो म्हणायला एक अक्षर पुरलं असतं. मी म्हणालो, “बे, मायची हळद काय रस्त्यावर पडली हाये? ते पुण्यवानालेच लागते. तू कायले भेतो?”

ओट्यावर हशा पिकला. नामदेवही हसला. माझ्या सगळ्या थापांत मला सगळ्यात जास्त टाळी त्या दिवशी मिळाली. तो पिशवी उचलून गाडीवर गेला.

महिन्याभरात दोघा माणसांनी त्याला धरून घरी आणलं. सासूनं त्याला पाहिलं, आनंदानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, “माह्या लेकालेबी मायनं हळद लावली. जवाईबापू, तुमच्या पायगुणानं झालं.” निंबाचे डहाळे आले. फोडणी बंद झाली. आणि उशाशी बसायला मलाच बोलावलं, कारण मायची भाषा मलाच समजत होती. चार दिवस मी त्याच्या कपाळाला हळद लावत होतो. चौथ्या दिवशी तो बरळायला लागला, हात थरथरू लागले, पाणीही पोटात ठरेना. माझं इतकं बिघडलं नव्हतं. मला दिसत होतं की हा जातो आहे. तोंड उघडलं तर तो वाचेल आणि मी संपेन, एवढा साधा हिशोब होता, आणि चार दिवस मला तो सुटत नव्हता. मी देवीसमोर हात जोडायचो आणि म्हणायचो, आई, तूच काहीतरी कर. मला बोलायला लावू नकोस, पण काहीतरी कर. अशी प्रार्थना करणारा भक्त तिनं क्वचितच पाहिला असेल.

पाचव्या दिवशी सकाळी देवीवाली बाई आली. ती नेहमी पायी यायची. त्या दिवशी कोणीतरी वर कळवलं होतं की बीबीत एका घरी देवी आल्या आहेत, म्हणून सरकारी जीप तिला आमच्या गल्लीच्या तोंडाशी सोडून तिथंच थांबली होती.

सासू ओरडून दमली तेव्हा बाई म्हणाली, “मावशी, सुई काढत नाही. नुसतं पाहू द्या. पाहून जाते. पाहुणी कोण आहे ते मलाही कळू द्या.” हे ती इतक्या मऊ आवाजात म्हणाली की सासूचा चौकटीवरचा हात आपोआप खाली आला. बाईनं चपला काढल्या, पाय धुतले, आत आली. पिशवीतून एक चित्र काढलं, देवी आलेल्या एका लेकराचं. अंगभर मक्याच्या दाण्यांसारखे टपोरे फोड. ते चित्र तिनं नामदेवच्या दंडाशी धरलं. दंडावर एकही दाणा नव्हता. नुसती लाल, सोललेली कातडी. तिनं त्याची पापणी वर करून पाहिली, बरगडीखाली बोटं दाबली, तसा तो बेशुद्धीतही कण्हला.

“ही देवी नाही,” ती म्हणाली. “हा करतो काय?”

“खामगावले कारखान्यात हाये,” सासू म्हणाली. “पह्यले आमचे जवाई तिथंच होते.”

बाईनं माझ्याकडे पाहिलं. कुंकू, माळ, वाटी, सगळं पाहिलं. मग नजर माझ्या तळहातांवर थांबली. नवी कातडी आली होती तरी तिथं पांढरे चट्टे राहिले होते. तिनं विचारलं, “तुमच्या हातांना काय झालं होतं?”

मी पन्नास वेळा घुमलो असेन, आणि पन्नासही वेळा मला ठाऊक असायचं की मान कुठं वळवायची. त्या क्षणी काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. अंग आपोआप हलायला लागलं. दात वाजायला लागले. हातातली वाटी सुटली, हळद जमिनीवर सांडली. मी थांबवायला पाहत होतो आणि अंग थांबत नव्हतं. आणि माझ्या तोंडून शब्द आले, चढवलेल्या आवाजात नव्हे, अगदी घोगरे: “ही माय नाही. ते पानी हाये, कारखान्यातलं. याले दवाखान्यात न्या. आत्ता न्या.”

पुढचं वाक्य होतं, ‘मले हे ठाऊक होतं.’ ते मी म्हणालो अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. ती सोयीची आठवण आहे. खरं म्हणजे मी म्हणालो नाही, कारण तोवर सासू माझ्या पायांवर पडली होती. “माय बोलली,” ती म्हणत होती, “माय सोता बोलली, मी नाही इथं म्हणते, लेकराले न्या म्हणते.” दारातल्या बायांनी हात जोडले. पाच दिवस ज्या घरातून त्याला हलवायची कोणाची छाती नव्हती, त्या घरातून चार जणांनी त्याला बाजेसकट उचललं. जीप उभीच होती.

मेहकरच्या दवाखान्यात सलाईन लावून पुढं जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. डॉक्टर तरुण होते. म्हणाले, त्या द्रवानं कातडी आणि यकृत दोन्ही धरलं आहे, आणखी दोन दिवस उशीर झाला असता तर आणायची गरज नव्हती. मग विचारलं, “तिथं याच्या आधी कोणाला असं झालं होतं का?”

“हो,” मी म्हणालो. “एकाले झालं होतं.”

“तो जगला?”

“जगला.”

“नशीबवान आहे,” डॉक्टर म्हणाले आणि दुसऱ्या खाटेकडे वळले. मी हात पाठीमागं धरून उभा होतो.

दवाखान्याच्या आवारात गोदा चुलीवर पेज शिजवत होती. तिनं वर न पाहता मला म्हटलं, “त्या दिवशी तुमी घुमत नव्हते.” माझ्यासोबत संसार केलेल्या बाईला माझं खोटं घुमणं ओळखू यायचं, आणि इतके महिने तिनं ते कोणाला सांगितलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. तिनं पेज ओतून दिली.

नामदेव वाचला. सव्वा महिना लागला. घरी आणला तेव्हा आधीच्या नामदेवचा अर्धाच होता, पण चालत आला. आणि गावात माझा मान दुप्पट झाला. मायनं जावयाच्या तोंडून स्वतःच सांगितलं की मी इथं नाही, असं कुठं कोणी ऐकलंय का? सासूनं अंगणात मायचा ओटा बांधायला दगड आणवले. मी तिला सांगायला गेलो. म्हटलं, आत्याबाई, मला ते आधीपासून ठाऊक होतं, मुकादमानं सांगितलं होतं. तिनं ऐकून घेतलं नाही. “बस करा जवाईबापू, तुमी स्वतःले कमी लेखता,” म्हणाली आणि दगड नीट रचायला लागली. थापा मारून मारून मी असा झालो होतो की खरं बोललो तर लोकांना तो नम्रपणा वाटत होता.

आजवर मी देवीची कृपा कशाला म्हणतो ते सांगतो. ती बाई म्हणजे देवीच होती, असं मी म्हणणार नाही. म्हटलं तर पुन्हा माझी जीभ सुटली असं होईल. पण मी म्हटलं होतं, आई, काहीतरी कर, मला बोलायला लावू नकोस. देवीनं प्रार्थनेचा पहिला अर्धा ऐकला आणि दुसरा अर्धा फेकून दिला. माझ्यासारख्याकडून तिला हवं ते काम तिनं माझ्या इच्छेविरुद्ध करवून घेतलं, तेही माझंच सोंग वापरून. त्यासाठी मी तिचा जन्माचा ऋणी आहे. शरण जायचं म्हणजे ओझं तिच्या पायांशी टाकून मोकळं व्हायचं, अशी माझी समजूत होती. तिनं माझं ओझं घेतलं नाही. उरलेलं वाक्य माझ्या घशात तसंच ठेवलं आणि ते मलाच उचलायला लावलं. माळ मी उतरवली. ती शांतपणे, कोणाला न सांगता, खुंटीला अडकवली, तेव्हा पहिल्यांदा मला देवीसमोर उभं राहायची लाज कमी वाटली.

मग मी वावरात गेलो. नामदेव कांद्याच्या वाफ्यांना पाणी देत होता. उन्हात त्याची नवी कातडी अजून गुलाबी दिसत होती, म्हणून त्यानं डोक्यावरून उपरणं घेतलं होतं. मी बांधावर बसलो आणि सगळं सांगितलं. वाढवलं नाही, कमी केलं नाही. मुकादम काय म्हणाला ते सांगितलं. ओट्यावर त्यानं विचारलं तेव्हा मला उत्तर ठाऊक होतं, तरी मी लोकांना हसवलं, तेही सांगितलं. घुमणं सोंग होतं, डॉक्टरला ‘एकाले झालं होतं’ म्हणालो तो एक मी, हेही सांगितलं. म्हटलं, नामदेव, तू मला जोड्यानं मार, पण काही बोल.

त्यानं एक वाफा भरू दिला. फावड्यानं माती ओढून पाणी पुढच्या वाफ्यात वळवलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

“त्या टाकीवर आता दुसरा कोनी उभा असन,” तो म्हणाला.